मॉड एक्स्ट्रॅक्ट होताना एरर येते: दोष फाइलचा, जागेचा की मशीनचा?

प्रश्न थोडक्यात असा: साधारण ६ जीबीचा एक टेक्स्चर मॉड (गेममधल्या चित्रांचं रूप बदलणारी, चाहत्यांनी बनवलेली भर) आहे, ७झेड फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र केलेलं आर्काइव्ह. तीनदा डाउनलोड केला. सेव्हन-झिपने काढताना दर वेळी "सीआरसी फेल्ड" येतं (म्हणजे काढलेला डेटा आत नोंदवलेल्या बेरजेशी जुळत नाही), आणि तेही दर वेळी वेगळ्याच फाइलवर. शिवाय मॉड मॅनेजरमधून दुसरे काही मॉड टाकताना कधी "पाथ टू लाँग", तर कधी नुसतंच "एक्स्ट्रॅक्शन फेल्ड" येतं. मॉड बनवणाऱ्याचीच फाइल खराब आहे का? की नेटचा दोष?

इथे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, म्हणून एकाच उपायाने गुण येत नाहीये. आर्काइव्ह काढताना मशीन दोन कामं करतं. आधी दाबलेला डेटा वाचून तो मेमरीत उलगडतं, मग तो डिस्कवर लिहितं. "सीआरसी फेल्ड", "डेटा एरर", "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा", "हेडर्स एरर" या वाचण्या-उलगडण्याच्या बाजूच्या तक्रारी. "पाथ टू लाँग", "अ‍ॅक्सेस इज डिनाइड", "नॉट इनफ स्पेस" या लिहिण्याच्या बाजूच्या. पहिल्या प्रकाराला फोल्डर बदलून काही होत नाही आणि दुसऱ्याला पुन्हा डाउनलोड करून काही होत नाही. एरर आली की लोक नेमकं हेच उलटसुलट करत बसतात.

म्हणून चौथ्यांदा डाउनलोड करू नका. आधी टेस्ट करा.

फाइलवर राइट क्लिक, सेव्हन-झिप, त्यात "टेस्ट आर्काइव्ह". विंडोज ११ मध्ये हा मेनू "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत असू शकतो. विनरारमध्ये वरच्या पट्टीत "टेस्ट" असं बटणच आहे. टेस्टमध्ये अख्खं आर्काइव्ह वाचलं जातं, मेमरीत उलगडलं जातं, प्रत्येक फाइलची सीआरसी बेरीज आत नोंदवलेल्या बेरजेशी ताडली जाते आणि डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. त्यामुळे टेस्ट पास झाली आणि एक्स्ट्रॅक्ट अडलं, तर दोष लिहिण्याच्या बाजूला. टेस्टच नापास झाली, तर फाइल, सॉफ्टवेअर किंवा मशीन यांपैकी एकात. या एका पायरीने निम्मा शोध संपतो.

दर वेळी वेगळी फाइल: ही खूण रॅमची किंवा प्रोसेसरची

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. फाइल खरोखर खराब असती तर एरर कायम त्याच ठिकाणी आली असती. डिस्कवरचा तोच डेटा, तेच गणित, मग उत्तरही तेच यायला हवं. जागा बदलते याचा अर्थ गणितच दर वेळी वेगळं होतंय.

खात्री करायची पद्धत अशी. तीन वेळा डाउनलोड केलेल्या तिन्ही फाइली शिल्लक असतील तर त्या ठेवा. प्रत्येकीवर राइट क्लिक करून "सीआरसी एसएचए" मेनूतून एसएचए-२५६ हा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, जणू तिचा ठसाच असलेला आकडा) काढा आणि एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घ्या. पॉवरशेलची सवय असेल तर गेट-फाइलहॅश लिहून स्पेस द्या आणि फाइल त्या खिडकीत ओढून सोडा, पाथ आपोआप उमटतो. मॉडच्या पानावर हॅश दिलेला असेल तर त्याच्याशी ताडा. नसेल तर तिन्ही एकमेकांशी ताडा.

तिन्ही हॅश एकसारखे आणि टेस्ट कायम त्याच फाइलवर अडते, तर अपलोड झालेली फाइलच तशी आहे आणि मॉडकर्त्याला कळवायला हवं. तिन्ही एकसारखे पण टेस्ट वेगवेगळ्या फाइलवर अडते, तर डाउनलोड ठीक आहे आणि उलगडताना मशीन चुकतंय. तिन्ही वेगळे आले तर तिघांपैकी कुठल्याही एकीचा हॅश पुन्हा काढा. एकाच फाइलचे दोन वेळा दोन हॅश आले तर शंकेला जागाच उरत नाही: रॅम, प्रोसेसर, डिस्क किंवा डिस्कची केबल यांपैकी काहीतरी बिघडलंय. इथे एक पथ्य पाळा. विंडोज नुकतीच वाचलेली फाइल रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे रॅममधली ती प्रतच बिघडली असेल तर चुकीचं उत्तरही परत परत तेच येतं. दोन तपासण्यांच्या मध्ये मशीन रीस्टार्ट करा.

"गेम तर व्यवस्थित चालतो, मग रॅम खराब कशी?" ही शंका अगदी रास्त आहे. गेममध्ये एखाद्या टेक्स्चरचा एक बिट पलटला तर एका ठिपक्याचा रंग किंचित बदलेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दाबलेल्या डेटात तसं नसतं. ७झेडच्या नेहमीच्या एलझेडएमए पद्धतीत पुढचा प्रत्येक बिट मागच्यावर उभा असतो. एक चुकला की तिथून पुढचं सगळं कचरा होतं. ६ जीबी म्हणजे ५१ अब्जांहून जास्त बिट. त्यातला एकही चुकून चालत नाही. म्हणूनच मोठं आर्काइव्ह ही रॅमची फार कडक परीक्षा असते, आणि लहान मॉड सुखरूप निघाले तरी त्यावरून रॅम धड आहे असं म्हणता येत नाही.

आता उपाय. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारा, प्रोफाइल बंद करा. रॅम मूळ वेगावर येईल. रीस्टार्ट करून टेस्ट पुन्हा चालवा. आता पास झाली तर दोष त्या वाढवलेल्या वेगात आहे. वेग एक पायरी खाली ठेवा किंवा बायोस अपडेट करून बघा. तरीही नापास झाली तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागू शकते. एकही एरर दिसली तर ती रॅम नापास. "एकच तर आहे" असा विचार करू नका. मग एकेक पट्टी काढून कोणती बिघडली ते शोधा. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी बरीच सौम्य आहे, ती पास झाली एवढ्यावर थांबू नका. सेव्हन-झिपच्या टूल्स मेनूत "बेंचमार्क" आहे, तोही अर्धा तास चालवून ठेवण्यासारखा आहे, कारण तो दाबतो आणि उलगडून ताडूनही पाहतो.

मेमटेस्ट स्वच्छ आला आणि मशीनमध्ये इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर तिकडे वळा. या पिढ्यांतल्या वरच्या मॉडेल्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप झिजून अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. लक्षणं नेमकी याच जातीची: डेटा उलगडताना चूक, शेडर तयार होताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा भलताच संदेश, मोठे इन्स्टॉलर अर्ध्यावर बंद पडणं. उपाय म्हणून ऑगस्ट २०२४ पासून मदरबोर्ड कंपन्यांच्या बायोसमधून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला. तो घालाच. मात्र आधीच झिजलेली चिप अपडेटने दुरुस्त होत नाही. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तिचा वापर करा.

टेस्ट कायम एकाच ठिकाणी अडते तेव्हा

हा नेहमीचा, सोपा प्रकार. इथे बहुतेक वेळा फाइल अपुरी उतरलेली असते. लोक "नेटमुळे डेटा खराब झाला" म्हणतात, पण सुरक्षित जोडणीवरून येणाऱ्या डेटात वाटेत एक बिट जरी बदलला तरी ती जोडणीच तुटते. फाइल मध्येच तुटणं, शेपूट गायब होणं हे घडतं. वाटेत अधलामधला डेटा बदलणं जवळपास घडत नाही. मधलाच भाग बिघडला असेल तर अनेक तुकड्यांत उतरवून जोडणारा डाउनलोड मॅनेजर, रॅम किंवा डिस्क यांच्यावर आधी संशय घ्या. डाउनलोड मॅनेजर बंद करून साध्या ब्राउझरने, मध्ये पॉज न करता, एकदा उतरवून पाहा.

आकार बाइटमध्ये ताडा. प्रॉपर्टीज उघडल्यावर कंसात पूर्ण बाइट दिसतात. मॉडच्या पानावर ६.१ जीबी आणि इकडे ५.७ जीबी असा फरक कधीकधी नुसता मोजमापाचा असतो, कारण कुणी १००० ने भागतं आणि कुणी १०२४ ने. जीबीच्या पातळीवर हा फरक सुमारे ७ टक्क्यांचा येतो. त्याहून जास्त तफावत असेल तर फाइल अर्धवट आहे.

अर्धवट फाइल कशी वागते हे फॉरमॅटवर ठरतं. झिपमध्ये आतल्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते. ७झेडमध्येही मुख्य हेडर शेवटी असतं, सुरुवातीला फक्त त्याचा पत्ता. म्हणून या दोन्हींचं शेपूट तुटलं की आर्काइव्ह बहुधा उघडत नाही आणि "कॅनॉट ओपन फाइल अ‍ॅज आर्काइव्ह" येतं. रारमध्ये प्रत्येक फाइलची माहिती तिच्या आधी असते, त्यामुळे तुटलेलं रार उघडतं, बरंचसं निघतंही, आणि शेवटाकडे "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह" येतं. अशा वेळी निघालेल्या फाइली गेममध्ये टाकून मोकळं होऊ नका. मॉडची प्लगइन फाइल आली आणि तिला लागणारे मेश (वस्तूंच्या आकाराच्या फाइली) राहिले, तर गेम तासाभराने एखाद्या ठिकाणी पोचल्यावर क्रॅश होतो आणि कारण शोधताना जीव जातो.

फाइल फक्त काही केबींची असेल तर ती आर्काइव्हच नसते. फाइल होस्टने लॉगिन मागितलं, लिंकची मुदत संपली किंवा डाउनलोडचा कोटा संपला की तेच पान झिप हे नाव लावून उतरतं. अशी लहान फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत एचटीएमएल दिसलं तर निदान झालं. मोठ्या फाइलसाठी एचएक्सडीसारखा हेक्स एडिटर घ्या, नोटपॅड अडकून पडेल. झिपची सुरुवात "पीके" या दोन अक्षरांनी होते. ती हा फॉरमॅट १९८९ मध्ये आणणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरं. रारची सुरुवात रार आणि उद्गारचिन्हाने, ७झेडची ७ आणि झेडने. फाइलचं नाव झिप आणि सुरुवात रारची, असंही दिसतं. सेव्हन-झिप नावापेक्षा आतली सही बघतं म्हणून ती उघडतं, विंडोजचं स्वतःचं झिप फोल्डर मात्र अशी फाइल नाकारतं.

अनेक भागांचं आर्काइव्ह असेल तर सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावांनी हवेत. ब्राउझरने दुसऱ्या वेळी उतरवलेल्या भागाच्या नावात कंसातला १ घातला की साखळी तुटते. काढायला कायम पहिलाच भाग उघडायचा. बाकीचे तो स्वतः शोधतो. बिघडलेला भाग ओळखायची सोपी खूण: शेवटचा सोडून सर्व भागांचा आकार बाइटपर्यंत सारखा असतो. मधला एखादा लहान दिसला, की तेवढाच पुन्हा उतरवा.

७झेडबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. हे आर्काइव्ह बहुधा "सॉलिड" असतं, म्हणजे अनेक फाइली सलग एका ठोकळ्यात दाबलेल्या. ठोकळ्यात एक जागा बिघडली की तिच्या पुढच्या सगळ्या फाइलींवर लाल शिक्का बसतो. एररच्या यादीत चारशे नावं दिसली तर घाबरू नका, कामाचं नाव फक्त पहिलं.

विनरारमधलं "रिपेअर" इथे फारसं उपयोगी नाही. रिकव्हरी रेकॉर्ड घालून बनवलेल्या रारमध्येच ते खरी दुरुस्ती करू शकतं, आणि मॉडकर्ते तो क्वचितच घालतात. झिपमध्ये ते यादी पुन्हा बांधतं, हरवलेला डेटा आणू शकत नाही.

सॉफ्टवेअर जुनं असेल तर चांगली फाइलही "खराब" दिसते

रारचं पाचवं स्वरूप २०१३ मध्ये आलं. सेव्हन-झिपला ते २०१५ पासून वाचता येतं. पण २०१० ची ९.२० ही आवृत्ती अजूनही असंख्य मशीनवर आहे आणि ती हे आर्काइव्ह सरळ नाकारते. विनरार ७ मध्ये २०२४ साली ४ जीबीपेक्षा मोठी डिक्शनरी (दाबताना मागचा डेटा लक्षात ठेवायची जागा) आली. तशी फाइल विनरारच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. शिवाय ४ जीबीहून मोठ्या किंवा ६५,५३५ हून जास्त फाइलींच्या झिपला झिप६४ ही वाढीव रचना लागते, ती जुन्या साधनांना कळत नाही. "अनसपोर्टेड मेथड" दिसलं की जवळपास नेहमी हेच कारण.

विंडोज ११ ला २०२३ पासून रार आणि ७झेड आपोआप उघडता येतात. एखाद-दोन फाइली काढायला ठीक आहे, मॉडसाठी मी ते वापरायला सांगणार नाही. एररचा संदेश फार मोघम असतो, पासवर्ड असलेल्या फाइलींना अडखळतं आणि मोठ्या आर्काइव्हला वेळही फार लागतो.

सेव्हन-झिप आणि विनरार दोन्ही स्वतःहून अपडेट होत नाहीत. वर्षातून दोनदा हाताने नवी आवृत्ती घाला. हे फक्त सोयीसाठी नाही. २०२५ मध्ये दोन्हींमध्ये अशा त्रुटी सापडल्या, की मुद्दाम तयार केलेलं आर्काइव्ह आपल्या फाइली तुम्ही निवडलेल्या फोल्डरच्या बाहेर लिहू शकत होतं. सेव्हन-झिपमध्ये ती २५.०० मध्ये आणि विनरारमध्ये ७.१३ मध्ये बुजवली गेली. अनोळखी लोकांनी बनवलेली आर्काइव्ह रोज उघडणाऱ्याने त्याहून जुनी आवृत्ती ठेवू नये.

टेस्ट पास, तरी फाइली निघत नाहीत

आता तुमचं दुसरं दुखणं. विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, त्यातलं एक शेवटच्या खुणेचं, म्हणजे हाताशी २५९. फोल्डर बनवताना तर २४८ च. हे पुष्कळ वाटतं, पण मॉडमध्ये ते कसं संपतं ते बघा. युजर आणि डाउनलोड्सचं फोल्डर मिळून साधारण ३५ अक्षरं. मॉडच्या आर्काइव्हचं नाव, त्यात आवृत्ती आणि साइटने जोडलेले आकडे धरून ६०. "एक्स्ट्रॅक्ट टू" केल्यावर त्याच नावाचं फोल्डर बनतं आणि आर्काइव्हच्या आतही बहुधा त्याच नावाचं फोल्डर असतं, म्हणजे आणखी ६०. त्याच्या आत टेक्स्चर्स, आर्किटेक्चर, शहराचं नाव, प्रकार अशी उतरंड ७५. फाइलचं नाव ४०. बेरीज २७०. एकही नाव मुलखावेगळं नाही, तरी मर्यादा ओलांडली.

विंडोजच्या झिप फोल्डरने काढताना "८००१०१३५" असा शेवट असलेला कोड आला तर तो याच मर्यादेचा. मॉड मॅनेजर पुष्कळदा एवढंही सांगत नाही, "एक्स्ट्रॅक्शन फेल्ड" म्हणून मोकळा होतो.

उपाय: ड्राइव्हच्या मुळाशी एक अक्षरी नावाचं फोल्डर करा, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर नुसतं "एम", आणि तिथे काढा. वरच्या हिशेबातली जवळपास ९० अक्षरं तिथेच वाचतात. मॉड मॅनेजरचं डाउनलोडचं आणि स्टेजिंगचं (काढलेले मॉड ठेवायचं) फोल्डरही असंच आखूड ठेवा. रजिस्ट्रीत लाँगपाथ्सएनेबल्ड ही किंमत १ करून मर्यादा उठवता येते, विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून ती सोय आहे. पण ती फक्त अशा प्रोग्रामांना लागू होते, ज्यांनी लांब पाथ चालतील असं स्वतः जाहीर केलेलं असतं. जुने गेम यात बसत नाहीत. सेव्हन-झिप लांब पाथ स्वतःच्या पद्धतीने लिहून टाकतं, फाइली डिस्कवर येतात, आणि मग गेमला त्या दिसतच नाहीत, एक्सप्लोररला पुसताही येत नाहीत. म्हणून मर्यादा उठवण्यापेक्षा पाथ आखूड करणं केव्हाही बरं.

पाथ ठीक असेल तर जागा बघा, आणि ती दोन ठिकाणी बघा. सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइली ओढून दुसरीकडे टाकल्या तर त्या आधी टेम्प फोल्डरमध्ये, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवर निघतात आणि मग हव्या त्या जागी जातात. डी वर ३०० जीबी मोकळे, सी वर ५, आणि मॉड उलगडून १४ जीबीचा, तर काम मध्येच अडणार. ओढण्याऐवजी "एक्स्ट्रॅक्ट" बटण वापरा, ते थेट लिहितं. पेनड्राइव्ह किंवा जुनी बाह्य डिस्क फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीची होऊ शकत नाही, मोकळी जागा कितीही असो.

"अ‍ॅक्सेस डिनाइड" आली की गेम कुठे आहे ते पाहा. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला विंडोज जास्तीचे हक्क मागतं. काही जुने प्रोग्राम तिथे लिहायला गेले की विंडोज गुपचूप त्या फाइली व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवतं. मग मॉड टाकल्यासारखा दिसतो आणि गेममध्ये उमटत नाही. सगळं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो तात्पुरता आहे. पुढे एक प्रोग्राम तसा चालतो, दुसरा साधा, आणि फाइलींचे हक्क विस्कटतात. गेमच प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर हलवा. स्टीममध्ये सेटिंग्जच्या "स्टोरेज"मधून दुसरी लायब्ररी करून गेम तिकडे सरकवता येतो, पुन्हा उतरवावा लागत नाही.

गेम किंवा त्याचा लाँचर मागे चालू असेल तर फाइली कुलूपबंद राहतात. रिसोर्स मॉनिटरमध्ये "असोसिएटेड हँडल्स"मध्ये फाइलचं नाव टाकलं की कोणी धरून ठेवलीय ते कळतं.

अँटिव्हायरसचा मुद्दा नीट समजून घ्या. स्क्रिप्ट एक्स्टेंडर आणि तत्सम मॉड गेममध्ये शिरण्यासाठी डीइनपुट८, व्हर्जन किंवा विनएमएम अशा विंडोजच्याच नावांच्या डीएलएल फाइली वापरतात. व्हायरसही हीच युक्ती करतात, त्यामुळे अँटिव्हायरस तेवढीच एक डीएलएल उचलून कोंडून ठेवतो. कधी एरर येते, कधी तीही येत नाही, फक्त मॉड चालत नाही. काढून झाल्यावर फाइलींची संख्या आर्काइव्हमधल्या संख्येशी ताडा आणि विंडोज सिक्युरिटीतली "प्रोटेक्शन हिस्टरी" बघा. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका. फाइल मॉडच्या मूळ पानावरूनच आणली आहे का, हॅश जुळतो का, व्हायरसटोटल या साइटवर किती अँटिव्हायरस इंजिनं काय म्हणतात, हे आधी पाहा आणि समाधान झालं तरच तेवढ्या फाइलला सूट द्या. डाउनलोड्सच्या अख्ख्या फोल्डरला सूट कधीही देऊ नये.

याच सिक्युरिटीत "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामांना अडवलं जातं. सिम्स ४ चं मॉड्स फोल्डर तिथेच असल्यामुळे त्याच्या खेळाडूंना हा फटका जास्त बसतो. मॉड मॅनेजर आणि सेव्हन-झिप यांना परवानगीच्या यादीत घाला. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप ताब्यात घेतला असेल तर फाइल दिसते पण प्रत्यक्षात ढगात असते. "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, किंवा मॉडचं सगळं काम वनड्राइव्हच्या बाहेरच ठेवा.

जपानी, चिनी, कोरियन मॉडमध्ये जुन्या पद्धतीच्या झिपमुळे फाइलींची नावं विचित्र चिन्हांत निघतात. एक्स्ट्रॅक्ट यशस्वी झालं असं दिसतं, पण प्लगइन ज्या नावाचं टेक्स्चर मागते ते नावच अस्तित्वात नसतं. बँडीझिप या आर्काइव्ह सॉफ्टवेअरमध्ये कोडपेज (त्या लिपीच्या अक्षरांचा जुना तक्ता) निवडून काढा. जपानीसाठी ९३२, सोप्या चिनीसाठी ९३६, कोरियनसाठी ९४९. लिनक्सवर आणखी एक अडचण येते: तिथे मोठ्या आणि लहान लिपीतली नावं वेगळी धरली जातात, त्यामुळे एका मॉडचं "टेक्स्चर्स" मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्याचं लहान अक्षराने असेल तर शेजारी शेजारी दोन फोल्डर तयार होऊ शकतात. हाताने एकत्र करा.

मॉड मॅनेजर अडून बसला तर

बहुतेक मॅनेजर स्वतःसोबत आलेलं सेव्हन-झिप वापरतात, तुमचं नाही. त्यामुळे तुमचं अपडेट करूनही त्याला फरक पडत नाही. मॅनेजरच अपडेट करा. तरीही अडला तर हमखास चालणारी वाट अशी. मॉड नव्या सेव्हन-झिपने आखूड पाथवर हाताने काढा. आत पुन्हा एखादं आर्काइव्ह असेल तर तेही काढा. मग जिथे खरा मजकूर सुरू होतो ती पातळी शोधा: फोमॉड हे (इन्स्टॉलच्या सूचनांचं) फोल्डर, किंवा प्लगइन, मेशेस, टेक्स्चर्स जिथे शेजारी दिसतात ती जागा. त्या पातळीवरचं सगळं निवडून "अ‍ॅड टू आर्काइव्ह", फॉरमॅट झिप, कॉम्प्रेशन लेव्हल "स्टोअर", नाव आखूड. हे नवं झिप मॅनेजरला द्या. दाबलेलं काही नसल्यामुळे त्याला उलगडायचं काहीच उरत नाही. व्होर्टेक्स हा मॅनेजर वापरत असाल तर स्टेजिंगचं फोल्डर गेम असलेल्या ड्राइव्हवरच असू द्या, नाहीतर त्याची हार्डलिंकची (प्रत न करता तीच फाइल दुसऱ्या जागीही दाखवायची) पद्धत चालत नाही आणि मॉड निघूनही लागत नाही.

काही गोष्टी मुळात काढायच्याच नसतात. माइनक्राफ्टच्या जार फाइली आणि रिसोर्स पॅकची झिप आहे तशी ठेवायची. सिम्स ४ ची टीएस४स्क्रिप्ट आतून झिपच असते, पण उघडली की मॉड मेला. शिवाय ती मॉड्स फोल्डरमध्ये जास्तीत जास्त एकच फोल्डर खोल चालते. बेथेस्डाच्या गेममधल्या बीएसए आणि बीए२ ही गेमची स्वतःची आर्काइव्ह. ओपनआयव्ही या मॉडच्या साधनाच्या ओआयव्ही पॅकेजला ओपनआयव्हीमधूनच बसवायचं. उलट स्टारड्यू व्हॅलीच्या मॉडची झिप काढावीच लागते, आणि आतल्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्टची फाइल दिसली तर जागा बरोबर.

तर तुमच्यासाठी क्रम असा: तिन्ही प्रतींचे हॅश, रीस्टार्ट, एक्सएमपी बंद करून टेस्ट, गरज पडली तर मेमटेस्ट. रॅम मार्गी लागेपर्यंत नवे मॉड टाकू नका, कारण अशा मशीनवर गेमच्या सेव्ह फाइलीही बिघडतात आणि त्यांची सीआरसी कोणी तपासत नाही. महत्त्वाच्या सेव्हची प्रत आजच दुसऱ्या मशीनवर काढा. पाथचं काम वेगळं, ते दहा मिनिटांचं आहे.

हे सगळं करूनही टेस्ट एकाच फाइलवर अडत राहिली तर मॉडकर्त्याला लिहा. त्यात एररचं वाक्य जसंच्या तसं, यादीतल्या पहिल्या नापास फाइलचं नाव, आर्काइव्हचा बाइटमधला आकार, एसएचए-२५६ आणि काढायला वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती द्या. एवढं हातात आलं की स्वतःच्या प्रतीचा हॅश ताडून त्यांना पाच मिनिटांत सांगता येतं, की अपलोड पुन्हा करायचा आहे की नाही.